सरांच्या सहीवरची पट्टी

या, असे जवळ सरका. मागं टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. या बाइंडरच्या घरातली लग्नं ऐकलीत, भांडणं ऐकलीत, वाटण्याही ऐकल्यात. आज ऐकायचं ते मायेनं केलेलं एक काम. हात चोख होता, मन स्वच्छ होतं, आणि तरी एका मुलीचं वर्ष गेलं. देवा, माणसाच्या हातून चूक झाली तर तू पोटात घालतोस, हे आम्ही गाऊन गाऊन पाठ केलंय. पण चुकीनंतर माणूस जो गप्प बसतो, त्या गप्प बसण्याचं तू काय करतोस, ते मात्र आम्हाला अजून उमगलेलं नाही.

तर, रविवार. महिन्याची तेवीस तारीख. घराला लागून असलेल्या बाइंडिंगखान्यात लांब टेबलाभोवती घरची पाच माणसं बसली होती. आई गेल्यापासून या घराचे सगळे निवाडे त्याच टेबलावर होत. एरवी तिथं पुस्तकांच्या थप्प्या असायच्या. आज चार पत्रं होती, आणि धाकटी त्यांतलं एकेक उचलून इंग्रजीतलं मराठीत सांगत होती.

"अर्ज अपूर्ण समजण्यात येत आहे. एका शिफारसपत्राच्या पाकिटावर प्राध्यापकांच्या सहीवरून कागदाची पट्टी चिकटवलेली आढळली. पाकीट उघडून पुन्हा बंद केलेलं असू शकतं. सबब..." तिनं कागद खाली ठेवला. "तिन्ही ठिकाणी हेच."

"म्हणजे नापास केलं तुला?" थोरल्यानं विचारलं. तो तिचा भाऊ, बाइंडिंगखान्याची पळापळ सांभाळणारा.

"नापास केलं असतं तर बरं होतं रे. त्यांनी वाचलंच नाही. माझा तीस पानांचा निबंध आहे ना, अकरा वेळा लिहिलेला, तो कुणी उघडलासुद्धा नाही. आणि पाकीट मात्र मी उघडलं म्हणतायत!"

इंग्रजी साहित्यात पीएच.डी.साठी चार विद्यापीठांत अर्ज करायचे म्हणून पोरीनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. विषय जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या मोलकरणी: मालकिणीच्या चिठ्ठ्या इकडून तिकडं नेणाऱ्या, आणि कादंबरीभर कुणी नाव न विचारलेल्या. घरात कुणाला फारसं कळलं नव्हतं. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, एकदा पोळपाट धूत म्हणाली होती, "अगबाई, म्हणजे मोलकरणींवर डॉक्टर होता येतं? मग मला कधीच व्हायला हवं होतं!" आणि नणंद-भावजय पोट धरधरून हसल्या होत्या.

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत. पत्र लिहिणाऱ्यानं ते पाकिटात घालायचं, तोंड बंद करायचं, बंद तोंडावर आडवी सही ठोकायची आणि विद्यार्थ्याच्या हाती द्यायचं. त्यानं ते न उघडता अर्जाबरोबर पाठवायचं. दोघी प्राध्यापिकांची पाकिटं नीट पोचली. गडबड झाली ती सरांच्या पाकिटांत. सर म्हणजे तिचे मुख्य गुरू, म्हातारे, कडक, वर्षाला एकाच विद्यार्थ्यासाठी पत्र लिहिणारे.

"आणि चौथं पत्र?" आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे अण्णांची, पोरीच्या वडलांची, धाकटी बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. रविवारी मुद्दाम बोलावून घेतली होती, कारण घरात इंग्रजी पत्रांना उत्तरं लिहायचा अधिकार तिचा.

"चौथ्यांनी मुदत दिलीय. तीस तारखेपर्यंत सरांनी स्वतः पाठवलेलं नवं पत्र पोचलं तर अर्ज बघू म्हणतायत."

"मग अडलंय कुठं? कुरियरला सहा दिवस लागतात. उद्या टाकलं की तीसला हजर!"

"सर लिहीत नाहीत, आत्या." धाकटीचा आवाज बारीक झाला. "काल गेले होते. त्यांनाही विद्यापीठाचं पत्र आलंय. दारातच म्हणाले, पाकिटाला हात कुणी लावला त्याचं नाव आण, मग मी पेन उचलीन. मी म्हटलं, सर, मी नाही. तर म्हणाले, मग घरात शोध. आणि दार लावून घेतलं."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला अण्णा बसले होते. सगळे त्यांना अण्णाच म्हणत, सख्खी बहीणसुद्धा. हातात सवयीनं कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी होती. 'सहीवरून कागदाची पट्टी' हे शब्द पडले आणि ती हातातल्या हातात थांबली. कुणी पाहिलं नाही. म्हणजे, निदान त्यांना तसं वाटलं.

आत्यानं चष्मा काढला. शाळेत चष्मा काढला की वर्ग गार पडायचा, ती तिची जुनी खोड.

"पाकिटं पोस्टात कोणी नेली?"

"मी," वहिनी म्हणाली.

"मोठ्या लिफाफ्यात कोणी भरली?"

"मीच. तिची परीक्षा होती त्या दिवशी."

"हं." आत्यानं काढलेला चष्मा पदरानं पुसला. "मागल्या महिन्यात माझ्यासमोर कोण म्हणालं होतं, ही गेली की हे घर मला खायला उठेल?"

"आत्याबाई, ते मी मायेनं म्हटलं होतं."

"माया कशीही वळते गं बाई. उघडून बघावंसं वाटलं असेल. जाते का राहते, पत्रात काय लिहिलंय. मी दोष देत नाही. बायामाणसांना वाटतं. पण आता कबूल करून टाक, म्हणजे पोरीचं वर्ष वाचेल."

"ए आत्या, काहीतरीच काय!" थोरला उसळला. "हिला इंग्रजी कुठं येतं वाचायला?"

"दहावी झालीय ती. तीन ओळी कळायला तेवढं पुरतं."

"वहिनीनं नाही केलं," धाकटी म्हणाली. पण हे म्हणताना तिनं वहिनीकडं पाहिलं, आणि पाहणं जरा जास्त वेळ झालं. माणूस विश्वास ठेवतो तेव्हा पाहत नाही. पाहायला लागला की समजावं, कुठंतरी टाका उसवला.

वहिनीनं ते पाहणं ओळखलं. ती उठून उभी राहिली. क्षणभर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत राहिली, मग हळू म्हणाली, "मी पाकिटं उघडली नाहीत. याच्यापुढं मला काही विचारू नका."

"याच्यापुढं म्हणजे?" आत्यानं शब्द झेलला. "म्हणजे काहीतरी आहे!"

"विचारू नका म्हटलं ना आत्याबाई. भात लागेल, बघते." आणि ती आत गेली.

आता बोला! निर्दोष माणूस असं अर्धं का बोलेल? टेबलाशी बसलेल्यांनी तोच हिशेब केला. थोरल्याचा ताठ मणका सैल पडला. धाकटीनं पत्रं गोळा केली, चारही, आणि छातीशी धरली.

आत्या अण्णांकडं वळली. "अण्णा, तू घरातला मोठा. तू विचार तिला. तुझ्याशी खोटं बोलणार नाही ती."

अण्णा म्हणाले, "जेवून घेऊ आधी."

*

अण्णांच्या मनात काय चाललं होतं, ते ऐका, आणि ऐकताना त्यांना पापी समजू नका.

पाच आठवड्यांपूर्वी सरांची चार पाकिटं याच टेबलावर आली होती. अण्णांनी सहज हातात घेतली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. जुनी पाकिटं, सुकलेला डिंक, प्रत्येकाचा एक कोपरा उचकटलेला. वाटेत नक्की उघडतील. पोरीचं नशीब अशा चिकटवणीवर सोडायचं? पन्नास वर्षं ज्या माणसानं सुटलेली पानं बांधली, त्याच्यानं ते बघवेना. त्यांनी ताजी खळ शिजवली, बारीक ब्रशनं कोपऱ्यांत भरली. सहीची शाई खळीनं फुटू नये म्हणून तिच्यावरून पातळ कागदाची पट्टी चढवली, जुन्या पोथीचं फाटलेलं पान जोडताना चढवतात तशी, आरपार दिसणारी. मग चारही पाकिटं रात्रभर दाबाखाली ठेवली. इतकं सुबक काम की त्यांनाच बरं वाटलं. सगळं घर त्या अर्जांसाठी काही ना काही करत होतं. कुणी टंकलेखन करून आणलं, कुणी फोटो काढून आणले. इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या बापाला करण्यासारखं एवढंच होतं, ते त्यांनी देवाचं नाव घेऊन केलं.

उघडलं म्हणतात ते हेच, हे त्यांना रविवारी अकरा वाजता कळलं.

मग बोलले का नाहीत? समोर बहीण बसली होती. घरात एकाचंच शिक्षण होईल असं ठरलं, तेव्हा सातवीतून अण्णांनी दप्तर ठेवलं आणि दाभण हातात घेतलं. बहीण शिकली, मुख्याध्यापिका झाली. तिनं कधी उणा शब्द काढला नाही, पण तिच्यासमोर इंग्रजी कागद उलटा धरला जाऊ नये म्हणून अण्णा आयुष्यभर जपत आले होते. आज त्या टेबलावर, अडाण्यानं मायेपोटी मुलीचं शिक्षण बुडवलं असं म्हणायला तोंड उघडेना. जेवण झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. जेवण झालं. आत्या गेल्यावर सांगू. आत्या गेली. थोरला झोपला होता, धाकटीनं दार लावून घेतलं होतं. उद्या सांगू.

*

स्वयंपाकघरात थोरला बायकोच्या मागं उभा होता. ती ताटं विसळत होती.

"मला तरी सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"तू... बघितलंस का आत? नुसतं सहज? मी कुणाला बोलणार नाही."

तिच्या हातातलं ताट नळाखाली तसंच राहिलं, पाणी काठावरून वाहत राहिलं.

"मघाशी तिथं म्हणालात, हिला इंग्रजी कुठं येतं. बरं वाटलं होतं मला."

"अगं, मग ते 'याच्यापुढं विचारू नका' काय होतं?"

"तुम्हीपण विचारू नका."

तो चिडला. "मग लोक म्हणणारच!"

"लोक कुठं म्हणतायत? तुम्ही म्हणताय." तिनं ताट पालथं घातलं. "पाणी बंद करा जाताना. माझे हात खरकटे आहेत."

*

सोमवारी धाकटी पुन्हा सरांकडं गेली. आत्यानं बजावलं होतं, भावजयीचं नाव सांग आणि मोकळी हो. ती जिन्याच्या तळाशी अर्धा तास उभी राहिली आणि परत आली. नाव घ्यावं तर खात्री नव्हती. न घ्यावं तर दार उघडणार नव्हतं. खात्री नसतानाही तिनं एक मात्र केलं, वहिनीशी बोलणं सोडलं. मंगळवारी डबा न घेता गेली. बुधवारी वहिनीनं केसांना तेल लावू का विचारलं, तर "नको, राहू दे" म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून जिनं तिच्या वेण्या घातल्या, तिला 'राहू दे'!

अण्णांनी हे सगळं पाहिलं. मंगळवारी पाहिलं. बुधवारीही पाहिलं. आणि दर वेळी मनाशी म्हटलं, आज नक्की.

गुरुवारी सकाळी धाकटी बाइंडिंगखान्यात आली. ओढणी कमरेला खोचलेली, केस वर बांधलेले.

"अण्णा, जुजबंदी शिकवा."

"काय?"

"पानांचे गठ्ठे शिवायचे ना? मला शिकवा. दादाला एकट्याला होत नाही. आणि मला आता दुसरं काही करायचं नाहीये."

ती खाली बसली आणि शिकवायची वाट न बघता सुई ओवून शिवायला लागली. टाके तिरके पडत होते. तिसऱ्या टाक्याला बोटात सुई घुसली, तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा शिवायला लागली. अण्णांना वाटलं, आपणच सातवीतून उठून इथं येऊन बसलोय.

"ठेव ते," ते म्हणाले.

"जमेल मला."

"ठेव म्हणतो ना!" आवाज एवढा चढला की आत थोरल्यानं रेडिओ बंद केला. अण्णांनी हात धुतले. नखांतली खळ निघेना, तशीच ठेवून चपला घातल्या.

*

सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. भिंतीला लागून पुस्तकं, पुस्तकांवर पुस्तकं, खुर्चीवरही पुस्तकं. अण्णा उभेच राहिले. समोरच्या फळीवर एका पुस्तकाची तपकिरी पाठ दिसली. दहाएक वर्षांपूर्वी कुणीतरी बांधायला आणून दिलं होतं, बांधणी त्यांच्याच हातची.

"मी बाइंडर. मुलीचा बाप," ते म्हणाले. "नाव मागितलं होतंत. माझं लिहून घ्या."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डिंक, कोपरे, खळ, पट्टी, दाब.

सर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एकच विचारतो. आतलं पत्र वाचलंत?"

"सर, मला इंग्रजी येत नाही."

"तुम्ही..." सरांनी फळीकडं पाहिलं, मग अण्णांच्या हातांकडं. "एवढी पुस्तकं तुमच्या हातून गेली."

"बाहेरून गेली, सर."

सर उठले, दोन पुस्तकं खाली ठेवून खुर्ची मोकळी केली. "बसा. मीही चुकलो. चार वर्षं जिला शिकवलं, तिला दारात उभं करून चोर ठरवलं. आत बोलावून विचारलं असतं तर..." त्यांनी पेन उचललं. लिहिता लिहिता थांबून विचारलं, "आज तारीख काय?"

"सत्तावीस."

"आणि मुदत?"

"तीस."

सरांनी वर पाहिलं नाही. "रविवारी आला असतात तर," एवढंच म्हणाले, आणि लिहीत राहिले.

पत्र त्याच दुपारी गेलं. ते तीन तारखेला पोचलं. विद्यापीठाचं उत्तर सभ्य होतं. पत्र उत्तम आहे, उमेदवार गुणी दिसते, परंतु यादी बंद झालेली आहे. कृपया पुढील वर्षी प्रयत्न करावा.

*

पण ते उत्तर नंतर आलं. गुरुवारी संध्याकाळी काय झालं, ते सांगायचं राहिलं.

अण्णांनी आत्याला बोलावून घेतलं. पानं वाढली होती. कुणी घास उचलायच्या आत ते म्हणाले, "ती पट्टी मी लावली होती." आणि टेबलाकडं बघत पुन्हा सगळं सांगितलं.

धाकटी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "रविवारी माहीत होतं तुम्हाला?"

"होय."

"मी शिवायला बसेपर्यंत गप्प राहिलात?"

अण्णांनी होय म्हणून मान हलवली. ती ताटावरून उठली. अण्णांकडं गेली नाही, वहिनीकडंही नाही. दोघांच्या मधून वाट काढून बाहेर गेली.

आत्याचा चष्मा डोळ्यांवरच होता. "मला एकटीला सांगायचंस रे अण्णा. मी हसले असते का तुला? तुझ्या दप्तरावर शिकले मी." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती वाढणाऱ्या सुनेकडं वळली. "सूनबाई, माझं चुकलं गं. तोंड फार चाललं माझं."

"राहू द्या आत्याबाई. भात वाढू?"

थोरल्यानं बायकोच्या हातातलं पातेलं घ्यायला हात पुढं केला. तिनं दिलं नाही.

सगळे उठल्यावर अण्णा मागं राहिले. सून टेबल पुसत होती.

"रविवारी तू म्हणालीस, याच्यापुढं विचारू नका," ते म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"दाबाखालून पाकिटं मीच काढली होती, अण्णा. सकाळी. पट्टी बघितली. किती छान केलंय, असंही वाटलं मला. त्यात चूक असेल हे कुठं माहीत होतं! ते रविवारी कळलं, तुम्हाला कळलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? माझं नाव का नाही घेतलंस?"

ती पुसायची थांबली. आवाजात राग नव्हता, हेच अण्णांना पुढं कितीतरी वर्षं सोसवलं नाही.

"मला वाटलं, तुम्हीच सांगाल. जेवणाआधी सांगाल असं वाटलं. मग वाटलं, जेवणानंतर. मग आत्याबाई गेल्यावर. सोमवारी ती सरांकडं निघाली, तेव्हा मी दारात उभी होते, तुम्ही हाक माराल म्हणून." तिनं फडकं पिळलं. "तुमच्याकडून ऐकायचं होतं मला. मी सांगितलं असतं, तर तुम्ही सांगितलंत असं कधीच झालं नसतं ना."

अण्णांना हात जोडायचे होते. सुनेपुढं सासऱ्यानं हात जोडू नयेत म्हणून ती आधीच आत निघून गेली.

पुढच्या वर्षी धाकटीनं पुन्हा अर्ज केले आणि ती गेलीही. निघताना सगळ्यांना भेटली. वहिनीला मिठी मारली, पण त्या चार दिवसांचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. पुढंही नाही. आणि ज्या केसांना 'राहू दे' म्हटलं होतं, ते तिनं तोवर आखूड कापले होते.

बाबांनो, उठायच्या आधी एवढंच मागणं आहे. मुलगी मोठी झाली, तिला आठवणारे पुष्कळ आहेत. सर थोर होते, त्यांच्या तसबिरी लागल्या. अण्णांच्या हातची पुस्तकं अजून फळ्यांवर उभी आहेत. तुम्ही घरी जाऊन दिवा मालवण्यापूर्वी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या नावाशेजारी क्षणभर त्या सुनेलाही जागा द्या. सगळं माहीत असून, सगळ्यांचं ऐकून घेत, दुसऱ्याला खरं बोलायला चार दिवस वाट करून देत ती उभी राहिली. तिची आठवण ठेवा.